मिस पर्लचा घास

मी थापा मारतो हे आख्ख्या अलाबामाला ठाऊक आहे, त्यामुळे खरं बोलायला मला कधी भीती वाटली नाही.

व्हर्लन टिडमोर माझा शेजारी. त्याची बायको ओझेला हिनं घरामागच्या तळ्यात बास मासे खाद्याच्या गोळ्यांवर वाढवले होते. बास म्हणजे जातीचा शिकारी, हलेल तेच गिळणार. त्याला कोरड्या गोळ्यांची सवय लावायची म्हणजे बोक्याला भेंडी खायला शिकवण्यासारखं. ओझेलानं ते पिल्लं बोटाएवढी असल्यापासून केलं. रोज उन्हं कलली की ती पिवळी गवती टोपी घालून लाकडी धक्क्याच्या टोकाला बसायची, तळहातानं पाणी थोपटायची आणि मूठमूठ गोळ्या टाकायची. मासे डुकरांसारखे माजले. सगळ्यांत थोरली मादी मिस पर्ल. तिनं तोंड उघडलं की आत माझं डोकं मावलं असतं. बरं, अर्धं डोकं.

हिवाळ्यात ओझेला गेली. जाताना व्हर्लनचा हात घट्ट धरून म्हणाली, "माझी लेकरं उपाशी मरता कामा नयेत." पोटचं मूल नव्हतं त्यांना. व्हर्लननं शब्द दिला.

पाणी कोमट झाल्यावर त्यानं गोळ्या उडवणारं यंत्र बसवलं. ते घरघरलं की मासे तळाशी दडत. मग तो स्वतः टाकू लागला. मासे वर येत, गोळी तोंडात घेत, त्याच्याकडे बघत आणि थुंकून टाकत. शिकार तर ते केव्हाच विसरले होते. बारकी मासळी त्यांच्या नाकासमोरून बिनघोर फिरायची. मे संपेस्तोवर मिस पर्लचं नुसतं डोकं उरलं, मागं वाळकी शेपटी.

"तिची टोपी घालून बघ," मी म्हणालो. "माशाला पाण्यातून दिसतं काय, टोपीच ना?"

"माझी चेष्टा करतोस लेका?"

"चेष्टा कशाला? तुझं हे थोबाड बघून मलासुद्धा घास उतरत नाही."

त्यानं टोपी घातली. मासे खाऊ लागले.

पण आठवड्याभरात टोपीनं भागेना. गोळ्या परत पाण्यावर तरंगू लागल्या. त्यानं तिचा एप्रन बांधला, तेव्हा खाल्लं. मग तिच्यासारखं गुडघे जुळवून बसला, तेव्हा खाल्लं. मग तिची चर्चमधली गाणी गुणगुणू लागला. दर वेळी मासे थोडं जास्त मागत आणि व्हर्लन देत गेला.

जुलैत मी भोपळ्याचा केक घेऊन गेलो. धक्क्यावर तो पाठमोरा बसला होता. मागं न बघताच म्हणाला, "बस रे थापाड्या. चप्पल पुसून ये."

थापाड्या मला एकटी ओझेलाच म्हणायची. आवाज व्हर्लनचाच होता, घोगरा. पण शब्द लांबवायची ढब तिची. पाण्यात मिस पर्ल तट्ट फुगून उभी होती.

मी पुढं होऊन त्याच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली.

तळं एकदम थांबलं. सगळ्या माशांनी तोंडातल्या गोळ्या बाहेर टाकल्या आणि ते माझ्याकडे वळले. एकही शेपटी हलत नव्हती.

"घाल ती परत," व्हर्लन म्हणाला. हा मात्र खरा व्हर्लन, डोळे चोळत, झोपेतून उठल्यासारखा. "मरतील रे ती. मी तिला शब्द दिलाय."

"आणि तुझं काय, गड्या? आरशात बघितलंस का कधी?"

"मला काय धाड भरलीय?" त्यानं हात पुढं केला. "दे म्हणतो ना. ती बघतायत."

बघत होती खरी. मिस पर्लनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मी माझ्या हातांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, कड नीट केली.

त्याचे खांदे सैल पडले. गुडघे जुळले. तळहातानं पाणी हलकेच थोपटलं आणि तळं पुन्हा हललं.

"हा व्हर्लन कुठं उलथलाय कोण जाणे," ती म्हणाली. "जेवण गार होतंय. तुला भेटला का रे वाटेत?"

"गावात गेलाय," मी म्हणालो. "उशीर होईल त्याला."

तिनं मान डोलावली आणि मिस पर्लच्या तोंडापुढं मूठ उघडली.