आधी बूट काढा

मित्रांनो, सध्या मी कॉलेजच्या प्राचार्यसाहेबांच्या केबिनबाहेर पायपुसणं म्हणून पडले आहे. पण माझ्यावरचा हा पिवळा रंग जरा नीट बघा. पायपुसण्याला असा रंग कुणी देत नाही. मी कॉलेजच्या व्यायामशाळेतली जुनी कुस्तीची मॅट आहे. होते, म्हणा. मी रडगाणं गायला बसलेली नाही. मला राग आला आहे, आणि तो तुम्ही ऐकून घ्यायचा आहे.

माझा जन्म कारखान्यातला. स्पंजच्या जाड लाद्या, त्यांच्यावर ताणून बसवलेलं रेक्झिनचं कव्हर आणि मधोमध पिवळं वर्तुळ. मी कॉलेजात आले तेव्हा कुस्तीचे सर दारातच उभे होते. त्याआधी कित्येक वर्षं ते मुलांना जुन्या गाद्यांवर शिकवत. गाद्या सरकायच्या आणि मुलांची कोपरं फरशीवर सोलून निघायची. माझ्यासाठी त्यांनी ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. मला अंथरल्यावर त्यांनी बूट काढले, वर्तुळात उभे राहिले आणि धाडकन पाठीवर पडले. मुलं हसली.

सर पडल्या पडल्याच म्हणाले, "हसा, हसा. आता तुम्हाला पाडताना माझा जीव वरखाली होणार नाही."

सरांचा नियम एकच, मॅटवर बूट नको. कुणी विसरला की ते विचारायचे, "जेवायच्या ताटात पाय घालतोस का रे?" कुस्तीत गाल, कान, मान सगळं माझ्यावर घासतं. मी घाणेरडी राहिले की कातडीला नायटा होतो, आणि स्पर्धेआधी डॉक्टर कातडी तपासतात. नायटा दिसला की खेळाडू घरी. म्हणून सर रोज सराव संपला की औषधाच्या पाण्यात फडकं बुडवायचे आणि गुडघ्यांवर बसून मला पुसायचे. मुलांनी त्यांचं नावच फडकंसर पाडलं.

एकदा त्यांची बायको विसरलेला डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "घरात कधी फडकं हातात धरलेलं आठवतंय का?"

"घरात कुणी जमिनीवर गाल घासत नाही."

"तुम्हाला काय माहीत? घरी असता कुठे?"

फडकंसर हसले आणि पुसत राहिले. असंच त्यांचं आयुष्य गेलं. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले. कॉलेजात ढाली आल्या, फोटो निघाले. फोटोत ढाल, साहेब आणि साहेबांचे पाहुणे. सरांचा फक्त एक खांदा, तोही कडेला कापलेला.

मग मुंगी आली. कुलपं-किल्ल्यांच्या दुकानदाराची मुलगी. वजनाला हलकी, पण आपल्यापेक्षा जड पोरीला उचलून आपटायची, म्हणून मुंगी. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, "या वर्षी विद्यापीठाच्या संघात आलीस तर खेळ. नाहीतर उद्यापासून दुकानात बस." संघाची निवड एकाच स्पर्धेवर होती.

स्पर्धा तोंडावर असताना साहेबांनी व्यायामशाळेत समारंभ ठेवला. सभागृहाची फरशी उखडलेली होती म्हणे.

सर म्हणाले, "साहेब, मॅट उचलून ठेवतो. पोरं लगेच हात लावतील."

"राहू द्या हो. गालिचासारखी दिसतेय. तिच्यावर लोक नुसते बसणार आहेत, नाचणार थोडेच?"

लोक आले. बूट घालून आले. खुर्च्यांच्या पायांनी माझं कव्हर फाटलं. सरबत सांडलं, खरकटं पडलं आणि सगळं फटीतून आत स्पंजात मुरलं. भाषणात साहेबांनी खेळाचं महत्त्व सांगितलं. माझ्या छातीवर उभं राहून.

सरांनी मला घासलं, पंख्याखाली वाळवलं, फटीवर चिकटपट्ट्या लावल्या. पण ओल आत होती. ते नवीन कव्हर मागायला गेले. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. निदान सराव थांबवू द्या, असं सर म्हणाले. साहेब म्हणाले, "ढाल नकोय का तुम्हाला?"

मुंगीच्या मानेवर गोल चट्टा उठला.

स्पर्धेच्या ठिकाणी डॉक्टरांनी तिची मान बघितली आणि तिला परत पाठवलं. एकही कुस्ती नाही. मुंगी दुकानात बसली. मित्रांनो, हरली असती तर मी गप्प बसले असते. तिला हरूसुद्धा दिलं नाही.

मग साहेब चौकशीला आले. ऑफिसची माणसं घेऊन तडक माझ्यावर चढले, बुटांसकट, आणि बोटाने फट दाखवत म्हणाले, "बघा ही घाण. हा तुमचा निष्काळजीपणा. अशा माणसाला ठेवायचं तरी कशाला? तुम्हाला काढावंच लागेल."

सर त्यांच्या पायांकडे बघत होते. आवाज न चढवता म्हणाले, "काढा की. पण आधी बूट काढा, मग मला काढा."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी बूट काढले नाहीत. सरांना काढलं.

मग माझे तुकडे झाले. एक सायकलच्या स्टँडखाली गेला, एक माळ्याच्या खोलीत. पिवळ्या वर्तुळाचा तुकडा इथे आला.

परवा मुंगी दाखला न्यायला आली. दारात मला बघून थांबली.

शिपाई म्हणाला, "अगं, थांबलीस का? पाय पूस आणि जा आत."

"काका, हे मी घेऊन जाऊ? फडकंसर आता शाळेतल्या पोरांना शिकवतात. नुसत्या मैदानावर."

"छे. कॉलेजची मालमत्ता आहे ती."

ऐकलंत? फाटत होते तेव्हा मी कुणाचीच नव्हते. आता मालमत्ता झाले.

मुंगीने बूट काढून हातात घेतले. माझ्यावरून अनवाणी आत गेली, दाखला घेऊन अनवाणी बाहेर आली. मग खाली बसली, ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि मला पुसायला लागली. कोपऱ्यापासून मधे, सरांसारखं.

"वेडी आहेस का? पायपुसणं आहे ते," शिपाई म्हणाला.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि साहेबांचा बूट माझ्यावर पडणार, तर मधे मुंगीचा हात. तिने तो उचलला नाही. साहेब एका पायावर उभे.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुठेतरी अशी एखादी मॅट असेल आणि तिच्यासाठी गुडघे झिजवणारं माणूस असेल. त्याचा सत्कार नंतर करा. आधी बूट काढा.