काळी तीन

आमची व्हर्लीन पेटिग्रू म्हणजे डेट्रॉइटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवर स्वतःचा जॅझ बँड काढणारी पहिली बाई. "बाई असून पियानो बरा वाजवते," हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. सुरुवातीला पुरुष मुद्दाम अवघड पट्टी सांगायचे, ही कशी आपटते ते बघायला. ती आपटली नाही. मी रॉस्को, तिचा ड्रमर. माझ्या डोळ्यांदेखतच झालंय सगळं.

म्हणून तर रविवारी माझं डोकं फिरलं.

दर शनिवारी आम्ही वाजवायचो त्या क्लबचा मालक गॅस्किन्स दुपारी एका पोरीला घेऊन आला. ओडेसा नाव, अलाबामाची, चर्चमध्ये नुसतं ऐकून शिकलेली. "बघा जरा, कशी वाजवते," म्हणाला. पियानोवर एका बाईला बसवतो हेच त्याला उपकार वाटायचे, दुसरी तो ठेवणार नव्हता. आपली जागा जाणार, हे व्हर्लीनने ओळखलं.

पोरगी पियानोवर बसली. व्हर्लीन गोड हसत म्हणाली, "ब्लूज घे. काळी तीन."

सॅक्सोफोनवाल्याने कपाळाला हात लावला. त्या पट्टीच्या वाटेला आमच्यात कुणी जात नाही. माझं काय, ड्रमला पट्टी नसते! पण मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बोलून गेल्यावर व्हर्लीनचाच चेहरा उतरला होता. "थांब गं पोरी, दुसरी घे," ती म्हणेपर्यंत पोरीने सुरुवात केली.

आणि काय वाजवलं हो! गॅस्किन्स पार खूश. जागेवरून उठून पियानोपाशी आला.

पोरीने व्हर्लीनचे हातच धरले. "मिस व्हर्लीन, तुम्ही कसं ओळखलंत? मला काळ्या पट्ट्यांवरच वाजवता येतं. इतकं सांभाळून आजवर कुणी घेतलं नव्हतं मला."

व्हर्लीनने हात सोडवून घेतले. "सांभाळून कसलं! तुला पाडायचं होतं मला. माझी जागा जाईल म्हणून. लाज वाटते गं मला माझीच."

अगं बाई, गप्प बसायचंस ना!

पोरीचं तोंड एवढंसं झालं. डोळे भरले. "मग पांढरी एक सांगायची होती," ती म्हणाली. "पोरंसोरंही वाजवतात. मला तेवढीही येत नाही."

गॅस्किन्स शेजारीच उभा. "येत नाही?" त्याने डोक्यावर टोपी चढवली.

"मी शिकवते तिला," व्हर्लीन त्याच्या मागे धावली. "थोडे दिवस द्या, पाया पडते तुमच्या!"

"शाळा आहे का ही?" तो दारातून म्हणाला. "शनिवारी तूच बस."