बंद मशीनमधली धामण

सासू घरातून जाऊ नये म्हणून सून जिवाचं रान करते, हे ऑफिसात सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण मला सासूबाई हव्या होत्या. पत्त्यांत सर्रास लबाडी करतात, माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत झापतात. असं माणूस घरात असावं. पण अंगणात साप निघाला आणि त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली. म्हणाल्या, "आणखी एक दिसला, की मी धाकट्याकडे."

पुढच्याच आठवड्यात वेलाच्या नायलॉनच्या जाळीत भलीमोठी धामण अडकली.

"बिनविषारी असते, घाबरू नकोस," नवरा जाळी कापता कापता म्हणाला.

"मी तिला नाही, तुझ्या आईला घाबरते."

जाळीने धामणीच्या पोटाला चांगलीच जखम केली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि जखम सुकेपर्यंत सोडू नका म्हणाले. नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मागच्या शेडमध्ये एक मोटर जळालेलं मशीन होतं, त्याच्या ड्रममध्ये धामणीची सोय झाली. आईला त्याने सांगितलं, "त्याला हात लावू नकोस, शॉक बसेल." रोज सकाळी तो मलम लावायचा आणि मी डोळे मिटून शेपटी धरायची.

एके दिवशी जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, "ते मशीन कधी दुरुस्त होणार?" चोराच्या मनात चांदणं! आमचा धीर सुटला. जखम पुरती सुकली नव्हती, तरी रविवारी सकाळीच तिला सोडायचं ठरलं. आम्ही तिला उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारली, अभ्रा ड्रममध्ये ठेवला आणि संशय नको म्हणून आत जाऊन शहाण्यासारखा चहा प्यायलो.

मग स्कूटरवरून ओढ्यापलीकडे गेलो. नवऱ्याने हलक्या हाताने गाठ सोडली आणि चार पावलं मागे आला. आम्ही वाट पाहत बसलो. काहीच हललं नाही.

"दमली असेल," मी म्हणाले.

शेवटी त्याने काठीने अभ्रा उलटा केला. आतून लोकरीचे गुंडे पडले आणि पाठोपाठ अर्धवट विणलेली बाही.

"आई," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

धावतपळत घरी आलो, तर सासूबाई मशीनपाशी स्टूल टाकून बसलेल्या. बोटाला मलम होतं.

"जखम ओली आहे अजून, आणि निघाले सोडायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामावर गेल्यावर हिचं पाणी कोण बदलतं, असं वाटलं तुम्हाला?"

"पण तुम्हाला तर साप नको होता," मी म्हणाले.

"साप वेगळा, पेशंट वेगळा. ही बरी होईपर्यंत कुठे जाणार नाही."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी मलमाचं झाकण तेवढं लावलं.

धामण बरी झाली. तिला सोडायला आम्ही तिघंही गेलो. ती गवतात सरळ निघून गेली. मला आनंद झाला, पण परतताना बॅग आठवली. पेशंट गेला होता आणि बॅग दाराशी तशीच होती.

घरात शिरताच सासूबाईंनी बॅग उचलली. मी काही बोलणार, तोवर त्यांनी सगळे कपडे माझ्या पलंगावर ओतले आणि रिकामी बॅग नवऱ्याच्या हातात दिली.

"अभ्रे नासवू नका. पुढच्या वेळी ही घ्या, हिची चेन घट्ट आहे."

मी त्यांचे कपडे घड्या घालून माझ्या कपाटात लावायला घेतले.