फळ्यावरचा आकडा

चर्च गच्च भरलं होतं. माझी एकाहत्तर वर्षांची सेपिउता आत्या चष्म्याशिवाय बायबल वाचत होती आणि चमत्कार झाला म्हणून बायका रडत होत्या. शेजारी डोळ्यांत घालायचं तेल विकणारा फुनाकी उभा होता, हातात बाटली.

"समुद्राने धुतलं, देवाने पुसलं," तो म्हणाला. "आता डोळ्याला सुरी कशाला?"

टोंगातल्या आमच्या बेटावर डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदा बोटीने येतात. बोट दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि आत्याने शस्त्रक्रियेच्या यादीतून नाव काढून घेतलं होतं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. पण आमच्याकडे भाचीने आत्याचा शब्द खोडायचा नसतो, गावादेखत तर नाहीच. विनंती तेवढी करता येते.

"आत्या, समोरच्या फळ्यावर कितवं स्तोत्र लिहिलंय? पान काढून ठेवते."

तिने मान वर केली, डोळे बारीक केले, पुढे झुकली.

"फळा कुठाय गं?"

फुनाकी लगेच म्हणाला, दूरची नजर परत यायला अजून तीन बाटल्या लागतील.

"मला पाच सांगितल्या होत्यास," मागून सिओसाइआ आजोबा बोलले. त्यांच्या एका डोळ्यावर कायमची पट्टी आहे. "डोळा संपला, बाटली उरलीय. नेतोस परत?"

मग मी सगळ्यांना समजावलं. मोतीबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्याची ताकद वाढते. काही जणांना त्यामुळे थोडे महिने जवळचं विनाचष्मा दिसतं. दूरचं मात्र धूसर होत जातं. फुनाकी आधी घरोघर विचारत हिंडायचा, हल्ली चष्मा लागेनासा झालाय का? हो म्हणेल त्यालाच पुढे उभा करायचा. बाटलीत नुसतं खोबरेल होतं.

आत्या बोटीवर गेली. ऑकलंडच्या पुतण्याचा चष्मा घालवला तसा लेसर मारा, म्हणाली. डॉक्टर म्हणाले, लेसर डोळ्याच्या बाहेरच्या काचेला आकार देतो. तुमचं आतलं भिंगच गढूळलंय, ते बदलायला हवं. हे डाव्या डोळ्याचं. उजव्यात काचबिंदू होता, नस केव्हाच मेली होती. दोन वर्षं ती त्यात तेल घालत होती. डाव्याने वाचता येत होतं, म्हणून कुणाला कळलंच नाही.

नवं भिंग जवळचं स्पष्ट दाखवणारं हवं की दूरचं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दूरचं," आत्या म्हणाली. "जवळचं बघूनच फसले."

पुढच्या रविवारी तिने साऱ्या म्हाताऱ्यांना एकेक डोळा झाकून फळा वाचायला लावला. आत्याचा शब्द कोण मोडणार? अकरा जणांना आकडा दिसला नाही. बोट निघून गेली होती.

तुमच्या गावात डॉक्टर रोज भेटत असेल, तर घरातल्या थोरांचा एकेक डोळा आजच झाकून बघा.