एसेनगुलला मी पाठीवर घेतलं

मी बोलतेय, अट-बाशी गावाच्या वरच्या कुरणातली काळी याक. मला नाव कुणी ठेवलं नाही. बुरुलकान "अगं ए" म्हणते आणि मी जाते.

मी जन्मले त्या दिवशी वादळात आई खाली बसली, ती उठलीच नाही. बुरुलकाननं मला आपल्या कातडी कोटात गुंडाळलं, तंबूत चुलीपाशी ठेवलं आणि चहाचं दूध मला पाजलं.

"आता आम्ही कोरा चहा प्यायचा का?" तिचा नवरा तुर्दाकुन कुरकुरला.

"प्या. कोऱ्या चहानं कुणी मेलेलं ऐकलं नाही."

पुढं तुर्दाकुन छातीच्या दुखण्यानं गेला. उरली ती आणि आम्ही चौदा याक. आमचे केस विंचरायचे, धारा काढायच्या, आम्हाला वरच्या चाऱ्याला न्यायचं, सगळं ती एकटी करायची.

शेजारचा एसेनगुल ठेंगण्या, केसाळ डोंगरी गाई पाळायचा. देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू! पण त्यांना आमचं कुरण हवं होतं. म्हणजे त्याला हवं होतं. "बाईमाणसाला एवढं गवत कशाला?" असं तो चारचौघांत म्हणायचा.

त्या वसंतात मला पहिलं वासरू झालं. बारा दिवसांचं होतं. नदीवरचा बर्फ तेव्हा वरून पांढरा आणि आतून पोकळ झालेला असतो. आम्ही त्यावर पाय ठेवत नाही. एसेनगुल घोड्यावरून आला, चाबूक फिरवला आणि आम्हाला थेट बर्फावर हाकललं. बर्फ फुटला. तीन याक गेले आणि माझं वासरू गेलं. आम्हाला गाईसारखं हंबरता येत नाही, नुसतं घुरघुरता येतं. मी संध्याकाळपर्यंत काठावर घुरघुरत उभी होते.

बुरुलकाननं घोड्याच्या टापांचे ठसे पाहिले. ती गावच्या म्हाताऱ्यांकडे गेली. एसेनगुलनं रोटीवर हात ठेवून शपथ घेतली, "लांडग्यांनी बिथरवलं." म्हाताऱ्यांनी मान डोलावली. रोटीवर कोण खोटं बोलेल?

त्याच वर्षी खिंडीत वेळेआधी बर्फ पडला आणि त्याच्या एकोणीस गाई पलीकडे अडकल्या. आखूड पायांच्या गाई छातीएवढ्या बर्फात काय चालणार? वाट फोडावी ती याकनंच. टोपी हातात घेऊन तो आमच्या दाराशी आला.

"वहिनी, तुझे याक दे."

"लांडग्यांना सांग ना. तुझ्या ऐकण्यातले आहेत ते."

"मुकी जनावरं मरतील गं!"

"माझी बोलत होती का? जा, म्हाताऱ्यांना गोळा कर. रोटी मी आणते."

तो पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी वर गिधाडं फिरू लागली, तसा परत आला. सगळ्यांसमोर खाली मान घालून बोलला, "मीच हाकलले." एक म्हातारा तिथेच थुंकला.

मग बुरुलकाननं माझी वेसण धरली. मी छातीनं बर्फ फोडत वर चढले. मागून एसेनगुल येत होता. त्याचा तो वास, घोड्याचा आणि चामड्याच्या चाबकाचा, माझ्या नाकात भरला. खिंडीच्या तोंडाशी मी वळले आणि शिंग मारलं. तो पडला. पाय मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

वेसण बुरुलकानच्या हातात होती. तिनं ती ओढली नाही. मी दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा म्हणाली, "पुरे गं आता."

सतरा गाई जिवंत सापडल्या. त्यांच्यावर माझा राग नव्हता. माझ्या वाटेनं त्या मुकाट खाली आल्या. पण एसेनगुलला खाली न्यायला माझ्या पाठीशिवाय काही नव्हतं. त्याला वर बांधलं. मी वाटेतला एकही दगड चुकवला नाही, एकही खड्डा सोडला नाही. दर हिसक्याला तो माझे केस घट्ट धरून रडायचा.

"माणसाला मारणारं जनावर कापायचं असतं," म्हातारे म्हणाले.

"मग आधी मला कापा," बुरुलकान म्हणाली. "दोरी माझ्या हातात होती."

कुणी सुरी काढली नाही.

आता माझे दात झिजलेत. बुरुलकान गवत भिजवून देते. एसेनगुल लंगडतो आणि आमच्या गोठ्याला वळसा घालून जातो. लोक म्हणतात, म्हातारपणी मन निवतं. माझं नाही निवलं. एवढंच मागते: मी मेल्यावर माझी कवटी खांबावर लावा, आणि शिंगं त्याच्या दाराकडे करा.