भिंगरीच्या हाडात कोंडलेला

मी एक जुना जनुक आहे. जुना म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. जिच्या अंगात मी राहतो तिचे दुधाचे दातही अजून पुरते पडलेले नाहीत; पण माझे काम ती जन्मल्यावर काही महिन्यांतच सुटले. काम सुटले, घर मात्र सुटले नाही. तेव्हापासून मी आत कोंडलेला आहे.

जनुक म्हणजे शरीरात काय बनवायचे त्याची कृती. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळ्या कृतींचा तोच लांबलचक धागा असतो. कोणती कृती कुठे वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची, हे पेशी ठरवते. नाहीतर डोळ्यातून पाचकरस पाझरायचा आणि सगळा सावळागोंधळ व्हायचा! म्हणून आम्हाला बंद ठेवणे गरजेचे असते, हे मलाही पटते. तक्रार एवढीच, की आमच्या घरात हा बंदोबस्त फारच इमानाने झाला.

रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक भाग माझ्या कृतीवरून बनतो. ही मुलगी आईच्या पोटात होती तेव्हा सगळा कारभार माझ्याकडे होता. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायचा म्हणजे खेळ नव्हे. माझी कृती अखंड वाचली जायची, मान वर करायला फुरसत नसायची. काय दिवस होते ते! मग ती जन्मली, आणि काही महिन्यांत एक पहारेकरी प्रथिन माझ्यापाशी येऊन बसले. माझी घडी घातली गेली आणि धाग्यावरच्या माझ्या धाकट्या भावाकडे कारभार गेला. साधा निरोपही कोणी दिला नाही. बहुतेक बाळांत असेच होते आणि त्यांचे काही बिघडत नाही.

पण आमच्या धाकट्याच्या कृतीत एक चूक आहे. आईकडून तीच आली, बाबांकडूनही तीच आली. त्याच्या हिमोग्लोबिनने भरलेल्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मुलीला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. दुखणे उठले की हीच भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते. मी तिच्या हाडाच्या मगजात राहतो, त्यामुळे तिचे हुंदके थेट माझ्यापर्यंत येतात. माझ्याजवळ बिनचूक कृती आहे, आणि ती कोणी वाचत नाही. मित्रांनो, मला तिची फार फार दया येते आणि मला काहीच करता येत नाही.

मग रक्ताच्या डॉक्टरबाईंनी एक कॅप्सूल सुरू केली. ती पहारेकऱ्याच्या कानात नेमके काय सांगते, हे मोठमोठ्या संशोधकांनाही अजून पुरते उमगलेले नाही. मी तर कोण! पण हळूहळू काही पेशींत माझी घडी सैल झाली. मला वाचले गेले! माझे हिमोग्लोबिन मध्ये पडले की धाकट्याच्या हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. भिंगरी जिने चढू लागली, मैदानात धावू लागली.

"छान चाललंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण रोज द्यायची हं. आणि नखांवर काळ्या रेघा येतील, त्याला घाबरायचं नाही."

तिची आई नखे रंगवण्याचे काम करते. दिवसभर परक्या बोटांवर कानस फिरवायची, फुंकर घालून भुकटी उडवायची, रंगाचे हात द्यायचे. शाळा सुटली की भिंगरी दुकानातल्या स्टुलावर बसते. एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी तिच्या नखांवरच्या काळ्या रेघा पाहिल्या आणि आपला हात मागे घेतला.

"हिला काही लागण झालीय का हो?"

घरी आल्यावर आईने लेकीची बोटे आपल्या तळहातावर घेतली.

"आता बरी आहेस ना गं?"

"एकदम! शर्यतीत दुसरी आले आज."

"मग थोडे दिवस कॅप्सूल राहू दे. नखं साफ झाली की परत घेऊ."

नको, नको, असे मी जिवाच्या आकांताने ओरडलो; पण जनुकाचा आवाज पेशीबाहेर जात नाही. एकेका नव्या पेशीत घडी घट्ट होत गेली. नखांच्या मुळाशी गुलाबी कोर दिसू लागली तशी आई हरखली. तिला माझा अंधार कसा दिसणार?

दुखणे आले ते या वेळी छातीत. भिंगरीला श्वास पुरेना. हॉस्पिटलच्या खाटेवर तिच्या तोंडावर मास्क बसवला.

"आई, हे काढ ना," ती आतून पुटपुटत होती.

"औषध कधीपासून बंद आहे?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"नखांपायी हो, डॉक्टर," आईला हुंदका फुटला. "जगाची नखं चमकवते मी, आणि माझ्याच पोरीची तशी बघवेनात. बरी होती हो ती!"

"बरी होती, कारण औषध चालू होतं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

भिंगरी वाचली. कॅप्सूलही पुन्हा सुरू झाली आहे. पण दार लागायला थोडे दिवस पुरले, उघडायला महिने लागतील. तोवर ती खिडकीत बसून इतरांचा खेळ पाहते, आणि मी आत.

मित्रांनो, बरे वाटले म्हणजे आजार गेला असे नसते. कित्येकदा आत कोणीतरी राबत असते, म्हणून बाहेर बरे वाटते. तुमच्या घरी कोणी रोज औषध घेत असेल तर ते आपल्या मनाने थांबवू देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. आम्हाला आतून कडी काढता येत नाही.

आज सकाळीही तिने कॅप्सूलवर पाण्याचा घोट घेतला. मी सगळी तयारी करून बसलो आहे. अजून वाचायला कोणी आलेले नाही.