चटका न लागलेली करंगळी

बेकरीवाले काका दवाखान्यात आले ते डाव्या करंगळीवरचा फोड दाखवायला. भट्टीतला तापलेला ट्रे त्यांनी उचलला होता आणि बोट भाजलंय हे त्यांच्याआधी काकूंच्या लक्षात आलं होतं.

"वासावरून कळलं तिला," काका हसत म्हणाले. "मला वाटलं, बिस्किटं करपली."

डॉक्टरला हसू आलं नाही. ती याच वस्तीत लहानाची मोठी झाली होती. शाळेतून येताना काकांच्या हातचा गरम पाव खात घरी जायची. आता अकरा वर्षं ती इथे दवाखाना चालवत होती. सर्दीपासून रक्तदाबापर्यंत सगळं बघायची, पण त्वचेच्या आजारांचं शिक्षण म्हणाल तर कॉलेजातले जेमतेम पंधरा दिवस. काकांच्या त्याच हातावर, कोपराखाली, एक फिकट चट्टा होता. चार महिने ती त्यावर नायट्याचं मलम देत होती.

"चट्टा कसा आहे, काका?"

"जुन्या भाडेकरूसारखा. हलायचं नाव नाही."

त्वचेचे डॉक्टर शहरातून महिन्यातून एकदाच येत. म्हणून मोठ्या रुग्णालयाने सगळ्या छोट्या दवाखान्यांना मोबाइलवर एक ॲप दिलं होतं. चट्ट्याचा फोटो काढायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, की त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता कोणकोणते आजार असू शकतात ते सांगायची. डॉक्टरने ते अजून उघडलंही नव्हतं. या वयात यंत्रासमोर परीक्षेला बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. आज मात्र तिने फोटो काढला.

पडद्यावर तीन नावं आली. नायटा तिसरा होता. पहिलं नाव कुष्ठरोग. खाली एक ओळ होती: चट्ट्यावर स्पर्श जाणवतो का, ते तपासा.

चार महिन्यांत तिने हे एकदाही केलं नव्हतं.

"काका, डोळे मिटा. कापूस जिथे लागेल तिथे बोट ठेवा."

उजव्या हातावर त्यांनी प्रत्येक जागा अचूक दाखवली. मग तिने डाव्या हातावरच्या चट्ट्याला कापूस लावला. एकदा, दोनदा, सहादा. काका डोळे मिटून शांत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कर की सुरुवात."

तिने कापूस बाजूला ठेवला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून सगळं सांगितलं. आजाराचं नाव, तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो हे, हात लावल्याने पसरत नाही हेही. काकांनी बहुधा नावच तेवढं ऐकलं. त्यांनी बाही खाली ओढली.

"महारोग म्हणजे. हिला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. पण तुम्ही सांगा, काकूंनाही तपासावं लागेल." ती क्षणभर थांबली. "आणि काका, चार महिने मी चुकीचं मलम दिलं. तेव्हाच कळलं असतं तर बोट कदाचित बधिर झालं नसतं. चूक माझी आहे."

काका उठून गेले.

तीन दिवस बेकरी बंद राहिली. चौथ्या दिवशी दुपारी काकू दवाखान्यात आल्या.

"हे पिठाच्या खोलीत झोपतात, बाळा. ताट वेगळं, पेला वेगळा. माझं काय चुकलं, ते तरी सांग."

डॉक्टरने दवाखान्याला कडी लावली आणि ती त्यांच्यासोबत निघाली. काका पिठाच्या पोत्यावर बसले होते.

"मी शब्द पाळलाय," ती म्हणाली. "आता तुम्ही बोला."

काकांनी जमिनीकडे बघत सांगून टाकलं. काकू त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एवढंच? मला वाटलं, माझा कंटाळा आला."

त्या पोत्यावर शेजारी बसल्या, त्यांचा हात मांडीवर ओढून घेऊन फोड बघू लागल्या. काका हात सोडवू लागले.

"नको, तुला होईल."

"चाळीस वर्षं एका पांघरुणात काढली. व्हायचं ते कधीच झालं असेल." मग डॉक्टरकडे बघून म्हणाल्या, "फिरव माझ्याही हातावर कापूस."

काकूंना काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्वचेचे डॉक्टर आले, त्यांनी काकांच्या कोपराजवळची, करंगळीपर्यंत जाणारी जाड झालेली नस चाचपली, तपासणीसाठी त्वचेचा कण घेतला आणि निदान पक्कं केलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिली गोळी काकांनी डॉक्टरसमोरच घेतली.

"त्या दिवशी चूक माझी म्हणालीस," पाणी पिऊन ते म्हणाले. "भट्टी शिकताना मी वर्षभर लोकांना कच्चे पाव विकलेत. लोक पुन्हा आले, म्हणून शिकलो. मीपण पुन्हा आलोय."

डॉक्टरने मान खाली घालून त्यांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते तिला नंतर स्वतःलाच वाचता आलं नाही.

महिनोन्‌महिने मलम लावणाऱ्या सगळ्यांना तिने एकेक करून परत बोलावलं. ॲप उघडायची आता सवय झाली होती. ते चुकायचंही, एकदा त्याने गोंदणाला आजार ठरवलं. पण ते विचारायचं ते प्रश्न ती आता आपणहून विचारू लागली आणि कापूस टेबलावरच ठेवू लागली.

सहा महिन्यांनी चट्टा जवळजवळ पुसला गेला. करंगळीतला बधिरपणा मात्र गेला नाही, जाणारही नव्हता. काकूंनी जाड कापडाचे हातमोजे शिवलेत. काका ते घालायला विसरतात, म्हणून ट्रे काढायच्या वेळी त्या गल्ला सोडून भट्टीपाशी येतात आणि दोन्ही हातमोजे स्वतः चढवतात. गिऱ्हाईक तोवर थांबतं.